विश्लेषण : घरच्या घरी स्प्रिंग कापून गाडी ‘लोअर’ करणे किती धोक्याचे? कायदा काय सांगतो?

एक जॅक, पान्यांचा संच आणि ग्राइंडर. तीस सेकंदांच्या रीलमध्ये जुनी हॅचबॅक जमिनीलगत बसते, चाक आणि मडगार्डमधली फट नाहीशी होते. ‘घरीच करा, फुकटात करा’ असा सल्ला देणाऱ्या अशा चित्रफिती समाजमाध्यमांवर भरपूर आहेत. त्यात न दाखवला जाणारा भाग मात्र गाडीवर नवा रंग मारण्याइतका किरकोळ नाही. तो थेट चाक, ब्रेक आणि स्टीअरिंगशी जोडलेला आहे.

गाडी लोअर का करतात?

मुख्यतः दिसण्यासाठी. शर्यतीच्या ट्रॅकवर त्याला तांत्रिक कारणही आहे. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर कमी सरकते आणि पकड चांगली राहते. पण ट्रॅकवर खड्डे नसतात. भारतात कार कंपन्या नेमके उलटे करतात. फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या सेदान असूनही त्यांचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी ठेवलेला आहे. आपल्या रस्त्यांचा अंदाज कंपन्यांना चांगलाच आहे.

स्प्रिंगचा एक वेढा कापल्यावर नेमके काय होते?

अनेकांचा समज असा की वेढा कापला की स्प्रिंग आखूड होते, बाकी सगळे तसेच राहते. प्रत्यक्षात स्प्रिंग कडकही होते. स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. काम करणारे सहा वेढे असतील आणि त्यातला एक कापला, तर उरलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते. शॉकअप मात्र मूळ स्प्रिंगसाठी ठरवलेला असतो. या कडक स्प्रिंगची उसळी आवरण्याची ताकद त्याच्यात नसते, म्हणून गाडी एका खड्ड्यानंतर दोन-तीनदा उड्या मारत राहते. त्या क्षणी टायरचा रस्त्यावरचा दाब कमी-जास्त होतो आणि नेमका तेव्हाच ब्रेक दाबावा लागला तर थांबायला जास्त अंतर लागते.

दुसरी गोष्ट खाली-वर होण्याच्या जागेची. गाडी ४० मिमी खाली आली म्हणजे खड्ड्यात चाक वर जाण्याची जागाही तितकीच घटली. त्यानंतर दणका स्प्रिंग घेत नाही, रबरी बम्प स्टॉप घेतो आणि पुढे शॉकअपचे माउंटिंग आणि बॉडी.

तिसरी बाब रीलमध्ये कधीच दिसत नाही. चाक हवेत गेले की शॉकअप पूर्ण लांब होतो. मूळ स्प्रिंग तेव्हाही थोडी दाबलेलीच असते, म्हणून जागेवर राहते. कापलेली स्प्रिंग त्या लांबीला पुरत नाही आणि खुळखुळते. शिवाय तिचे टोक ज्या वाटीत नेमके बसायचे, तो आकारच कापला गेलेला असतो. चाक पुन्हा टेकताना स्प्रिंग वाकडी बसू शकते.

वेढा कापण्याऐवजी गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून ‘बसवण्याचा’ प्रकार याहून वाईट. स्प्रिंगच्या पोलादाला ठरावीक तापमानाला तापवून-थंड करून ताकद आणलेली असते. पुन्हा तापवल्यावर ती जाते, तीही प्रत्येक ठिकाणी वेगळ्या प्रमाणात. डावी-उजवी बाजू सारखी राहण्याची शक्यता उरत नाही.

सर्वात धोक्याचा क्षण कोणता?

रस्त्यावरचा नव्हे, अंगणातला. बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो, त्यात स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत अडकवलेली असते. समजा ती गाडीच्या भाराखाली १५० मिमी दाबलेली आहे आणि तिचा कडकपणा प्रतिमिमी २० न्यूटन आहे. तिच्यात साठलेली ऊर्जा २२५ ज्यूल होते, म्हणजे २३ किलोची गोणी एक मीटरवरून पडावी तितकी. स्ट्रट बाहेर काढल्यावर हा दाब कमी होतो, संपत नाही. स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता वरचा नट सोडला तर स्प्रिंग आणि तिच्या वरची लोखंडी वाटी समोरच्याच्या तोंडावर येते. हलका किंवा झिजलेला कॉम्प्रेसर निसटला तरी तेच. आणि केवळ जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली शिरणे हा वेगळाच जीवघेणा प्रकार, स्टँड लावल्याशिवाय कुणीही तो करू नये.

गतिरोधकाचे गणित काय सांगते?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येच्या कमानीसारखा हवा. २.४५ मीटर व्हीलबेसची छोटी कार त्यावर मधोमध आली, तर दोन चाकांमधल्या रेषेच्या वर गतिरोधकाचा माथा जेमतेम ४४ मिमी येतो. हा निकष पाळला गेला तर लोअर केलेली गाडीही निघून जाईल.

पण सोसायटीच्या गेटसमोरचा सिमेंटचा उंचवटा कुणी मोजून बांधलाय? तो अरुंद असतो, त्यामुळे पूर्ण उंची गाडीच्या पोटाखाली येते. मारुती स्विफ्टचा क्लिअरन्स १६३ मिमी. लोअर करून ४० गेले, चार माणसे आणि सामानाने समजा आणखी ४० गेले, उरले ८३. उंचवटा १०० मिमी. ऑइल चेंबर घासला म्हणजे आधी टो आणि कदाचित मग इंजिनाचे काम.

ब्रेकचा काय संबंध?

एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ एक झडप असते. गाडीचा मागचा भाग किती खाली बसला आहे, त्यावरून ती मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवते. गाडी लोअर केली की झडपेला वाटते, मागे सामान भरले आहे. ती मागच्या ब्रेकला जास्त दाब देते. जोरात ब्रेक लावताच रिकाम्या गाडीची मागची चाके आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. पावसाळी रस्त्यावर याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पुढच्या चाकांचे कोनही बदलतात. अलाइनमेंट न करता गाडी चालवली तर टायर आतल्या कडेने झिजतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ठामपणे अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

इथे एक पळवाट सांगितली जाते. आरसी बुकवर ग्राउंड क्लिअरन्स छापलेला नसतो आणि कायदा ‘मूलभूत वैशिष्ट्य’ बदलणाऱ्या रचनेतील बदलाबद्दल बोलतो. वाद घालायला जागा आहे, पण तो आरटीओ किंवा न्यायालयासमोर घालावा लागेल, तोवर गाडी जप्तही होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याचा धोका वेगळाच.

इतर देशांत काय?

जर्मनीत लोअरिंग स्प्रिंगला तपासणी अहवाल असतो, बसवल्यावर गाडी तपासून तो बदल कागदपत्रांत नोंदवता येतो. जपानमध्ये तपासणीत जमिनीपासून किमान ९ सेंटीमीटर अंतर बघतात. आपल्याकडे गाडीचे मूळ मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासले जाते, पण मालकाने नंतर बसवलेल्या स्प्रिंगला सामान्य माणसाने अशी मान्यता घ्यावी, अशी सोपी वाट नाही. हौशी मंडळींची ही तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून ग्राइंडर हातात घेणे मात्र रास्त नाही.

आधीच कापलेली स्प्रिंग असलेली जुनी गाडी घेतली असेल तर?

गाडी जॅकवर घेऊन चाक मोकळे सोडावे. स्प्रिंग हाताने हलली, तिचे टोक रंग उडालेले आणि सरळ कापलेले दिसले किंवा चारही मडगार्डखालची फट वेगवेगळी असली तर संशय खरा आहे. स्प्रिंग नेहमी जोडीने बदलाव्यात, शॉकअप, बम्प स्टॉप आणि स्ट्रटचे माउंटिंग त्याच वेळी तपासून घ्यावे आणि शेवटी अलाइनमेंट करावे. चार कंपनी स्प्रिंगांचा खर्च नव्या टायरच्या संचापेक्षा सहसा कमीच पडतो.