मन जाणणारी विद्या कोणाच्या बाजूने?

मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या मुलामुलींपुढे गेल्या काही वर्षांत एक नवी वाट उघडली आहे. ती न्यायसहायक मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीची. गुन्हा, साक्ष, पुरावा, शिक्षा आणि तुरुंगवास यांच्याशी मानवी मनाचा जो संबंध येतो, त्याचा पद्धतशीर अभ्यास करणारे हे शास्त्र होय. गुजरात सरकारने २००९ साली गांधीनगर येथे न्यायसहायक विज्ञानाचे विद्यापीठ स्थापन केले. २०२० साली संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय विद्यापीठाचे रूप दिले, आणि आज गोव्यातही त्याची शाखा आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे आवश्यक ठरविले असून, ही व्यवस्था उभारण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने या क्षेत्राच्या विस्तारासाठी सुमारे २२५४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हा या विषयाला भवितव्य आहे असे एखाद्या विद्यार्थिनीला वाटले, तर ते चुकीचे म्हणता येणार नाही.

विद्येचे स्वागत करण्यात समाजवाद्यांनी कधी कुचराई केलेली नाही. परंतु प्रत्येक विद्येला मालक असतो, आणि तो कोण आहे हे पाहिल्याशिवाय तिच्या भवितव्याविषयी बोलणे भाबडेपणाचे ठरते.

अर्थशास्त्रात एकच विक्रेता असलेल्या बाजाराची चर्चा पुष्कळ होते. एकच ग्राहक असलेल्या बाजाराची तितकी होत नाही. न्यायसहायक मानसशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाला आपल्या देशात मुख्यतः एकच ग्राहक आहे, आणि तो म्हणजे सरकारचे गृहखाते. गुन्ह्याची प्रयोगशाळा गृहखात्याची, पोलीस गृहखात्याचे, तुरुंग गृहखात्याचे आणि राष्ट्रीय विद्यापीठही केंद्रीय गृहमंत्रालयाच्याच अखत्यारीतले. जेथे ग्राहक एकटा असतो तेथे मालाचा भावच नव्हे, तर मालाचे स्वरूपही तोच ठरवितो. गृहखात्याला या शास्त्राकडून आजवर काय हवे होते, याचा इतिहास फार जुना नाही.

त्याला हवे होते ते आरोपीच्या मनातले काढून घेण्याचे साधन. श्वास, नाडी व घाम यांच्या नोंदींवरून खोटेपणा ओळखण्याचे यंत्र, गुंगीचे औषध टोचून बोलते करणारी नार्को चाचणी आणि मेंदूतील विद्युत्‌लहरींवरून गुन्ह्याची स्मृती शोधण्याचा दावा करणारी चाचणी या तीन गोष्टींचा या शतकाच्या पहिल्या दशकात पोलीस तपासात सुळसुळाट झाला. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात शिक्षा देताना अशा मेंदूच्या चाचणीचा आधार घेतला, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. त्याच वर्षी बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही चाचणी शास्त्रीय कसोटीस उतरत नाही, असा निर्वाळा दिला. अखेर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, संमतीवाचून अशी कोणतीही चाचणी करणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) आणि २१ यांचा भंग आहे. संमतीने केलेल्या चाचणीचे निष्कर्षही पुरावा म्हणून ग्राह्य नाहीत. तरीही ही हौस फिटलेली नाही. बिहारमधील एका प्रकरणात सर्व आरोपींची नार्को चाचणी करण्याचा तपासयंत्रणेचा बेत उच्च न्यायालयाने मान्य केला होता. तो २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा रद्द करावा लागला.

या पत्राच्या वाचकांना या गोष्टीचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. लाहोरच्या किल्ल्यात जयप्रकाश नारायण आणि त्यांच्यामागून डॉ. राममनोहर लोहिया यांना रात्रीमागून रात्री झोपू न देता प्रश्न विचारले गेले. तेथेही अंगावर वळ न उठविता मन मोडण्याचीच विद्या वापरली जात होती. झोप हिरावून घेणारा शिपाई आणि गुंगीचे औषध टोचणारा पदवीधर यांच्यात शिक्षणाचा फरक असेल. कैद्याच्या दृष्टीने तो फारसा मोठा नाही.

मग हे शास्त्रच त्याज्य मानावे काय? मुळीच नाही. त्याचे खरे कार्यक्षेत्र अगदी वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तेथे ते जवळजवळ पोहोचलेलेच नाही, ही खरी तक्रार आहे.

प्रथम तुरुंग पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती. जागा होती ४ लाख ३६ हजार २६६ जणांची. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हायचा होता. २०१६ च्या आदर्श तुरुंग नियमावलीने पाचशे कैद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ वा समुपदेशक असावा, असे म्हटले आहे. या हिशेबाने देशाला सुमारे साडेअकराशे हवेत. प्रत्यक्षात किती आहेत? २०२५ च्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’प्रमाणे सर्व तुरुंगांत मिळून मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ अवघे पंचवीस. सुमारे तेवीस हजार कैद्यांमागे एक! २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक राज्यातील निदान एका तुरुंगाच्या रुग्णालयात मानसिक उपचारकेंद्र उभारण्याचे बंधन सरकारवर घातले. ते बंधन कागदावर आहे आणि पंचवीस हा आकडा जमिनीवर आहे.

आणीबाणीत मृणाल गोरे यांना एकांत कोठडीत ठेवले होते तेव्हा त्यांच्या सोबतीला एका मनोरुग्ण स्त्रीचा आक्रोश होता. ज्यांनी कोणताही गुन्हा केला नाही अशा मनोरुग्णांनाही ठेवायला जागा नाही म्हणून त्या काळी तुरुंगात टाकले जात असे. ही प्रथा बेकायदा व घटनाबाह्य आहे, हे सांगण्यास १९९३ साल उजाडावे लागले. शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय दिला. राजकीय कैदी सुटून आले व त्यांनी लिहिले, बोलले. बाकीच्यांचा आक्रोश भिंतीआडच राहिला.

दुसरे क्षेत्र न्यायालयाचे. २०१५ च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याला प्रौढ समजून खटला चालवावा की नाही, हे ठरविण्यासाठी त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यमापन करण्याची तरतूद केली. मुलाचे उभे आयुष्य त्या मूल्यमापनावर लटकलेले असते. बालन्याय मंडळावर बालमानसशास्त्राची वा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाचे साहाय्य घेतलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरविले. त्याच वर्षी आणखी एका निकालात न्यायालयाने सांगितले की, फाशीची शिक्षा होऊ शकेल अशा खटल्यात आरोपीचे मानसिक मूल्यमापन राज्यसंस्थेने न्यायालयापुढे ठेवले पाहिजे. त्याआधीच्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील अभ्यासगटाने फाशीची शिक्षा झालेल्या ८८ कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता; त्यांतील ६० टक्क्यांहून अधिकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले. खालच्या न्यायालयात खटला चालला तेव्हा हे कोणी पाहिले असते, तर काही निकाल वेगळे लागले असते.

श्रीमंत आरोपी आपला तज्ज्ञ स्वतः आणतो. ऊसतोड कामगाराच्या मुलाला तो कोण आणून देणार? मोफत कायदेसाहाय्य म्हणून त्याला वकील मिळतो. त्या वकिलाच्या शेजारी बसून मुलाचे मन समजावून घेणारा माणूस मिळत नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाचीही तीच स्थिती. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने अशा बालकास मानसशास्त्राच्या जाणकाराची मदत देण्याची तरतूद केली. पण तरतुदीला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. म्हणजे हे शास्त्र केवळ आरोपीची कड घेणारे आहे, हा आक्षेपही टिकत नाही. पीडिताची साक्ष पुन्हा जखम न करता कशी नोंदवावी, डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराची स्मृतीही कशी दगा देते, हे या शास्त्राचे मूळ प्रश्न आहेत. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९०८ साली अमेरिकेत ते मांडले, तेव्हा वकीलवर्गाने त्याची थट्टाच केली होती.

आपल्यांतीलच काही कार्यकर्ते एक निराळा आक्षेप घेतात. गुन्ह्याचे मूळ दारिद्र्यात, बेकारीत आणि जातीच्या उतरंडीत आहे. ते एकेका माणसाच्या मनात शोधणे म्हणजे समाजव्यवस्थेला निर्दोष सोडणे, असे त्यांचे म्हणणे. या आक्षेपात तथ्य आहे. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, आणि ‘गुन्हेगारी प्रवृत्ती’ या शब्दाने पारध्याच्या झोपडीवर आजही पोलिसांची पहिली नजर पडते. मानसशास्त्राने ती प्रवृत्ती शास्त्रीय भाषेत पुन्हा सांगितली, तर तो अन्याय दुप्पट होईल. परंतु चांगले मूल्यमापन नेमके याच्या उलट करते. ते माणसाचे बालपण, उपासमार, मार, सुटलेली शाळा आणि जडलेले व्यसन न्यायाधीशापुढे ठेवते. दारिद्र्याचे आकडे न्यायालयात साक्ष देत नाहीत. एका माणसाच्या आयुष्यात दारिद्र्याने काय केले, हे सांगणारा साक्षीदार तेथे उभा करावा लागतो.

या साक्षीदाराला आरोपीची भाषा यायला हवी. १९३४ साली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी कानडी व मराठी मुलांसाठी बेतून घेतली. इतक्या वर्षांनंतरही ती चाचणी आपल्याकडे वापरात आहे. यात कामतांचा मोठेपणा जितका दिसतो, तितकीच त्यांच्यामागून आलेल्या विद्यापीठांची उदासीनताही दिसते. गडचिरोलीच्या माडिया तरुणाचे मन इंग्रजीतील प्रश्नावलीने मोजणे हा शास्त्राचा आभास आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमांना संशोधनाचे विषय हवे असतील, तर यापेक्षा निकडीचा विषय शोधून सापडणार नाही.

आपल्या मातीत या विचाराची परंपराही आहे. १९३९ साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बिनभिंतीचा तुरुंग सुरू केला. गंभीर गुन्ह्यांचे कैदी तेथे शेती करू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ चा चित्रपट त्याच प्रयोगावर आधारलेला. त्या प्रयोगामागे कोणतीही पदवी नव्हती. विश्वास टाकला तर माणूस बदलू शकतो, ही श्रद्धा होती. आज पदव्या देण्याची सोय झाली आहे. त्यांच्या अभ्यासक्रमातून ही श्रद्धा वगळली गेली, तर विद्या वाढूनही समाज मागेच पडेल.

यासाठी पक्षाने आणि जनसंघटनांनी चार मागण्या धरून बसले पाहिजे. एक, तुरुंगांत पाचशे कैद्यांमागे एक या प्रमाणात मानसशास्त्रज्ञांची कायम पदे निर्माण करावीत व ती कंत्राटी पद्धतीने भरू नयेत. आणि त्यांचे नियंत्रण तुरुंग अधीक्षकाकडे न ठेवता आरोग्यखात्याकडे द्यावे. कैद्याचा विश्वास आणि तुरुंगाची शिस्त या दोहोंची चाकरी एकच माणूस करू शकत नाही. दोन, प्रत्येक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि बालन्याय मंडळाकडे सरकारी खर्चाने तज्ज्ञ असावा, जो पोलिसांना नव्हे, न्यायालयाला जबाबदार असेल. तीन, हे शिक्षण सार्वजनिक विद्यापीठांत परवडणाऱ्या शुल्कात मिळावे, आणि भटक्या-विमुक्त, दलित, आदिवासी व मुस्लीम समाजांतील विद्यार्थ्यांना पुरेशा शिष्यवृत्त्या असाव्यात. कारण तुरुंग ज्यांनी भरलेले आहेत त्यांच्यातूनच तज्ज्ञ निघाले पाहिजेत. चार, पदवीचे मोल काय, हे विद्यार्थ्यांना प्रवेशापूर्वी स्पष्ट सांगितले जावे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळते. न्यायसहायक मानसशास्त्राची कोणतीही पदवी घेतली म्हणजे ती आपोआप मिळाली, असे होत नाही. ही गोष्ट दडवून जागा भरणाऱ्या संस्था पालकांची फसवणूक करतात.

कार्यकर्त्यांना याच आठवड्यात करता येण्याजोगे कामही आहे. आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात मानसशास्त्रज्ञाचे पद मंजूर आहे काय, असल्यास भरलेले आहे काय, आणि बालन्याय मंडळ मूल्यमापनासाठी कोणाला बोलावते, एवढे तीन प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली विचारावेत. आलेली उत्तरे आमदारांच्या हाती द्यावीत आणि या पत्राकडेही पाठवावीत.

आणि जी विद्यार्थिनी या पदवीच्या प्रवेशाचा अर्ज भरते आहे तिने तो जरूर भरावा. मात्र वर्गात पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारावा: या शास्त्राच्या पुस्तकात आरोपीच्या संमतीला किती पाने दिली आहेत? उत्तर समाधानकारक नसेल, तर ती पाने भरून काढण्याचे काम तिच्या पिढीचे आहे.