उद्या फवारा हाय का?

अंबड तालुक्यातले आमचे एक स्नेही रोज संध्याकाळी बांधाशेजाऱ्याला फोन लावतात. प्रश्न एकच असतो, "भाऊ, उद्या फवारा हाय का?" शेजाऱ्याचा कापूस आणि यांची तुती, मध्ये एक बांध आणि दोन बाभळी. गेल्या वर्षी यांची रेशीमअळ्यांची दोनशे अंडीपुंजांची बॅच चौथी कात टाकल्यावर हातची गेली. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा शेडमध्ये आवाजच नव्हता. एरवी मोठ्या अळ्या पाल्याला लागल्या की पत्र्यावर भुरभुर पाऊस पडतोय असं वाटतं. त्या दिवशी त्या माना वर करून वळवळत होत्या, अंग आखडलेलं, तोंडातून हिरवं पाणी. सकाळचा पाला कापसाकडच्या ओळींतून कापला होता, एवढंच घडलं होतं.

जालन्याच्या बाजार समितीत २०१८ पासून रेशीम कोषांची खरेदी होते. त्याआधी माल कर्नाटकात रामनगरला न्यावा लागे. बाजार जवळ आला तशी तुती वाढली, आणि बांधापलीकडचं औषध आपल्याकडे किती येतं हे सांगणारी अळीही आली. (विषाला औषध म्हणायची आपली रीत जुनी आहे, मीही ती सोडू शकलेलो नाही.)

सेंद्रिय शेतीच्या मेळाव्यांत जीवामृत कसं करायचं, दशपर्णी अर्क किती दिवस ठेवायचा, हे सगळं सांगतात. ऐकताना वाटतं, हा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आहे. ज्यानं त्यानं आपापली शपथ घ्यायची आणि पाळायची. आमच्या स्नेह्यांनी शपथ घेतलेली नाही. तुतीला ते युरिया देतात, शेड ब्लिचिंग पावडरने धुतात. पण अळ्या जगवायच्या तर तुतीवर कीटकनाशक मारायची सोयच नाही, म्हणून ते मारत नाहीत. अळ्यांची विष्ठा आणि उरलेल्या फांद्या कुजवून शेतात जातात. शपथेपेक्षा या नाइलाजावर माझा भरवसा जास्त आहे.

शेजाऱ्याला तरी काय बोलावं? जालना हे बियाण्याचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी इथेच सुरू केली. २००२ मध्ये बीटी कापूस आला तो फवारे वाचतील या आशेवर, आणि सुरुवातीला बोंडअळीचे वाचलेही. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली आणि २०१७ मध्ये तिनं राज्यभर बोंडं पोखरली. मावा, तुडतुडे, फुलकिडे यांना तर बीटीनं कधीच काही होत नव्हतं. पंप पुन्हा पाठीवर चढला. कर्ज त्याचं, बोंडं त्याची. तो फवारणारच.

बांध ओलांडून विचार करणं या जिल्ह्याला नवं नाही. जालना तालुक्यातल्या कडवंचीनं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामं केली. पाणलोटाच्या कामात मुरलेला विजयअण्णा बोराडे यांच्यासारखा माणूस पाठीशी होता. वरच्यानं बांध घातला नाही तर खालच्याची माती वाहून जाते, हे तिथे कुणाला पटवावं लागत नाही. पाणी साठलं, शेततळी झाली, मळ्यांत द्राक्षं आली. आता द्राक्ष म्हणजे छाटणीपासून फवाऱ्याच्या वेळापत्रकावर चालणारं पीक. पाण्यासाठी एक झालेलं शिवार फवाऱ्याच्या बाबतीत पुन्हा गटागटांत, सातबारा-सातबाऱ्यांत वाटलं जातं, याचं मला नवल वाटतं.

सेंद्रिय शेतीसाठीची परंपरागत कृषी विकास योजना २०१५ मध्ये आली तेव्हा पन्नास एकरांचा गट करायचा, असं तिच्यात होतं. कल्पना चांगली. पण ते पन्नास एकर एका अंगाला, सलग हवेत. नाहीतर अनुदान गटाला मिळेल आणि विष शेजारून येईल. वाऱ्याला सभासदांची यादी वाचता येत नाही. कृषी खात्यानं पैसे द्यायचे तर शिवाराला द्यावेत, आणि त्यात रसायन न सोडलेल्या शेजाऱ्यालाही फवाऱ्याची वेळ पाळण्याबद्दल काही मिळावं.

आमच्या स्नेह्यांनी शासनाची वाट पाहिली नाही. फवारा असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी ते दीड दिवसाचा पाला कापून ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. वारं तुतीकडे वाहत असेल तर शेजारी थांबतो. बदल्यात शेडमधल्या खताच्या दोन ट्रॉल्या त्याच्या कापसाला जातात.

परवा मी तिथेच होतो. यांनी फोन करायच्या आधीच त्याचा आला. आभाळ भरलंय, उद्या नाही, बघू नंतर. स्नेह्यांनी हातातला विळा परत शेडच्या कुडाला अडकवला आणि चहा टाकायला सांगितला.

— शिवारकर