पोटासाठी लिहिलं, तर बिघडलं कुठे?

मैत्रिणींनो, पैशासाठी लिहिणाऱ्या बाईकडे आपण नाक मुरडूनच बघतो, नाही का? अमेरिकेतल्या ई. डी. ई. एन. साउथवर्थ यांचंच घ्या. १८४४ मध्ये त्या नवऱ्याविना वॉशिंग्टनला परतल्या, एक मूल पदरात, दुसरं पोटात. दिवसा शाळेत शिकवायचं, उरल्या वेळात लिहायचं. १८४९ मध्ये पहिली कादंबरी आली. पुढे आकडा ६०च्या वर गेला! १८५९ साली साप्ताहिकात क्रमशः आलेल्या ‘द हिडन हँड’ची नायिका कॅपिटोला तर मुलाच्या वेशात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पोट भरते. वाचक तिच्यावर फिदा! समीक्षक मात्र म्हणाले, भडक. असेलही. मला स्वतःला त्यातले योगायोग जरा जास्तच वाटतात. पण त्याच लिखाणावर त्यांचं घर चाललं, मुलं वाढली. दुसरं काय करायला हवं होतं त्यांनी?