धर्मांतराआधीचे कॉलेज

दरवर्षी 31 जुलैला धुळ्याजवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर खानदेशातून गर्दी लोटते. 1937 मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे मुक्कामाला होते. त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती 1956 मध्ये. पण त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज उघडले ते 1950 मध्येच. पुढे त्याचे नाव मिलिंद झाले, परिसराचे नागसेनवन: मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तरे देणारा बौद्ध भिक्खू. याहून नेमके नाव कोणत्या कॉलेजला लाभले असेल? अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या चर्चने 1863 मध्ये विल्बरफोर्स विद्यापीठ विकत घेतले, तेही आपल्या समाजाला उच्च शिक्षण मिळावे याच जिद्दीने. मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकातून दलित लेखकांची पिढी उभी केली. शिक्षणाचा हा वारसा पुढे नेण्यासाठी लळिंगला येणाऱ्यांनी जळगाव-धुळ्यातल्या एका तरी गरजू विद्यार्थ्याच्या वसतिगृहाचा खर्च उचलावा.