सागाचा हिशेब आणि अरण्याचा धाक

मेळघाटातून तापीकडे वाहत जाणाऱ्या एका नदीचे नाव सिपना आहे. कोरकू भाषेत सागालाही सिपनाच म्हणतात. ज्या झाडाच्या नावाने नदी ओळखली जाते, ते झाड त्या मुलखात केवळ इमारती लाकूड म्हणून उभे नसणार, हे उघड आहे. तथापि गेल्या दीडशे वर्षांच्या सरकारी जमाखर्चात मेळघाटच्या सागाची नोंद मुख्यतः घनफुटांत आणि रुपयांत झाली. त्या जमाखर्चाबाहेर काय राहून गेले आणि त्याची भरपाई आज कोण करीत आहे, हा प्रश्न केवळ डोंगरातील आदिवासींचा नाही. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांच्या भवितव्याशी तो निगडित आहे.

झाडाविषयीचा धाक वऱ्हाडला अपरिचित नाही. पिंपळावरचा मुंज्या आणि डोहाकाठच्या आसरा पूर्णेकाठच्या खेड्यांतील वडीलधाऱ्यांना आजही ठाऊक आहेत. मेळघाटात हा धाक अधिक खोल आहे. मृत्यूनंतर माणसाचा आत्मा लगेच स्वस्थ होत नाही. आप्तांनी त्याचा शेवटचा विधी करीपर्यंत तो जिवंतांना त्रास देऊ शकतो, अशी कोरकूंची परंपरागत श्रद्धा आहे. हा विधी मृत्यूनंतर काही महिन्यांनी होतो, तसाच कित्येक वर्षांनीही होतो. त्या वेळी मृताच्या स्मरणार्थ लाकडाचा एक कोरीव खांब रोवला जातो. त्यास मुंडा म्हणतात. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातीजमातींविषयीच्या ग्रंथात या खांबाचे वर्णन आले आहे. खांब सागाचा किंवा सालईचा असतो, माथा टोकदार असतो, त्यावर सूर्य, चंद्र आणि घोड्यावर बसलेल्या पुरुषाची आकृती कोरलेली असते. पूर्वजाला स्वस्थता द्यावयाची ती लाकडाच्या साक्षीने, अशी ही व्यवस्था आहे. ज्या रानात आपले मृत वावरतात, त्या रानात माणूस कुऱ्हाड घेऊन शिरतो तेव्हा तो मालक म्हणून शिरत नाही.

या समजुतींना अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारणे सोपे आहे, आणि एका मर्यादेपर्यंत ते योग्यही आहे. त्याच श्रद्धाविश्वातून आजारी अर्भकाच्या पोटावर तापल्या सळईचे चटके देण्याची ‘डंबा’ ही अघोरी प्रथा आली आहे, आणि तिचे समर्थन कोणीही शहाणा मनुष्य करणार नाही. जुने कोरकू वृक्षपूजक संत होते असेही नव्हे. उतारावरची झाडे तोडून, जाळून, राखेत बी टाकण्याची फिरती शेती तेही करीत. अरण्याचा धाक म्हणजे वनसंरक्षणाचे परिपूर्ण शास्त्र होते, असा दावा त्यामुळे करता येणार नाही. परंतु तो एक नियम होता, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने नियमाचे मोल त्यामागील कारण खरे आहे की खोटे यावर ठरत नाही. तो पाळला जातो की नाही आणि पाळल्याने काय टिकते, यावर ठरते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून दाखवून दिले, की देवाच्या कोपाच्या भयाने राखलेल्या या लहान लहान रानांत आजूबाजूला नष्ट झालेली वृक्षसंपदा शिल्लक होती. भय काल्पनिक होते. शिल्लक राहिलेले झाड खरे होते.

जादूचे लाकूड

साग हे लाकूड खरोखरच जादूचे वाटावे असे आहे. त्याच्या गाभ्यातील तेलकट द्रव्यांमुळे वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही. ते पाण्याने सहजी कुजत नाही, उन्हाने फारसे वाकत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी मलबारी सागातून 1817 साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. ज्या झाडाचे लाकूड तोडल्यानंतर दोन शतके टिकते, त्या झाडाच्या मागे साम्राज्ये लागली यात नवल नाही.

वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने येथील कपाशीला भाव आला, आणि 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचली. मैदानातून कापूस मुंबईला जाऊ लागला त्याच काळात डोंगरातील लाकडाकडेही सरकारचे लक्ष वळले. 1864 साली देशात वनखाते सुरू झाले आणि पुढे 1878 च्या कायद्याने राखीव जंगलाची चौकट पक्की झाली. कोणते झाड तोडावयाचे हे आता भुमक्याने किंवा गावाच्या मुठवा देवाने ठरवावयाचे नव्हते. ते वनाधिकाऱ्याच्या हातोड्याच्या निशाणीने ठरू लागले. तोडीसाठी मजूर हवेत म्हणून वनग्रामे वसविण्यात आली. काल ज्या रानात माणूस पूर्वजांच्या परवानगीने वावरत होता, त्याच रानात तो आता खात्याच्या परवानगीने राहू लागला.

न्यायाने हेही सांगावयास हवे, की शास्त्रशुद्ध वनव्यवस्थेने अंदाधुंद तोडीला लगाम घातला. कूप पाडून पाळीपाळीने तोड करावयाची, मागे पुनर्वाढ राखावयाची, ही पद्धत लुटीपेक्षा निश्चितच बरी होती. स्वातंत्र्यानंतर ठेकेदारांच्या जागी जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या करण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला, तोही स्तुत्यच होता. परंतु हिशेबाचे माप बदलले नाही. 1974 मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने मिश्र जंगलाच्या जागी सागाच्या लागवडीवर भर दिला, तो याच मापाने. मोह, चारोळी, तेंदू, आवळा, सालई यांचे जंगल गोरगरिबांच्या पोटाला लागते; सागाचे जंगल परतवाड्यासारख्या डेपोतील लिलावाला लागते. वहीत दिसणारे उत्पन्न दुसऱ्याचे, म्हणून झाड दुसरे.

व्याजाचे गणित

येथे एक साधे गणित मांडणे उपयुक्त ठरेल. चांगला साग पक्व होण्यास सुमारे 80 वर्षे लागतात असे धरू. 80 वर्षांनी त्या झाडांचे 1 लाख रुपये येणार असतील, तर दरसाल 5 टक्के चक्रवाढ व्याजाने त्यांची आजची किंमत केवळ 2 हजार रुपयांच्या आसपास भरते. व्याजाचा दर आणखी वाढविला की ती काही शेकड्यांवर येते. म्हणजे बाजाराच्या शुद्ध तर्काने पाहता नातवासाठी साग राखणारा मनुष्य वेडा ठरतो. आजच तोडून पैसे गुंतविणारा शहाणा. लोभी मनुष्य जंगल तोडतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण लोभ नसतानाही निव्वळ हिशेबी मनुष्य तेच करील, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही.

जुन्या धाकाचे खरे कार्य यातून कळते. मृतांना व्याज आकारता येत नाही. पूर्वज पाहत आहेत आणि नातवंडे यावयाची आहेत, असे मानणाऱ्या समाजाला 80 वर्षे हा काळ दीर्घ वाटत नाही. व्याजाच्या दराने भविष्यकाळ जितका लहान होतो, तितका तो श्रद्धेने पुन्हा मोठा केला होता. आधुनिक राज्याने तो धाक काढून घेतला आणि त्याच्या जागी तितकेच दीर्घदृष्टीचे दुसरे काही आणले नाही.

1988 च्या राष्ट्रीय वनधोरणाने पर्यावरणाचा समतोल हे मुख्य उद्दिष्ट आणि आर्थिक लाभ गौण, असे स्पष्ट म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली वनजमिनीचे निव्वळ वर्तमान मूल्य हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये ठरवून दिले. पण अशी किंमत वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळविली जाते तेव्हा वसूल होते. जंगल जागेवर उभे आहे तोपर्यंत ते राखणाऱ्याच्या हाती त्यातील काही पडत नाही.

खारपाणपट्ट्याचे देणे

मैदानातील वाचकाला हा सर्व विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो त्याच्या घागरीतला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा सर्वश्रुत आहे. तेथे विहीर खणली तर खारे पाणी लागते. पिके मर्यादित, प्रकृतीच्या तक्रारी अमर्यादित. या पट्ट्यातील असंख्य गावांना गोडे पाणी येते ते सातपुड्याच्या कुशीतून. वान नदीवरील धरणाचे पाणी अकोट-तेल्हाऱ्याकडील खेड्यांना जाते, शहानूरचे अंजनगाव-दर्यापूरकडे. या नद्यांचा उगम मेळघाटच्या रानात आहे. डोंगरावरचे रान पावसाचे पाणी थोपवून जमिनीत मुरवते आणि माती धरून ठेवते. रान विरळ झाले की पावसाळ्यात धरणात गाळ येतो आणि उन्हाळ्यात झरा आटतो. परतवाड्याच्या लिलावात सागाला भाव मिळतो. या पाण्याला कोणत्याही लिलावात भाव मिळत नाही. म्हणूनच हिशेब चुकतो.

या चुकीची किंमत डोंगरातील माणसाने दोनदा मोजली आहे. सागाचे मुलूख म्हणून नाव असलेला मेळघाट 1993 साली बालकांच्या कुपोषणबळींमुळे देशभर गाजला. इतकी मौल्यवान संपत्ती ज्यांच्या अंगणात वाढली, त्यांच्याच घरी धान्य नव्हते. दुसरी किंमत स्थलांतराची. 1974 मध्ये देशातील पहिल्या व्याघ्रप्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. आज गाभा आणि बफर मिळून त्याचे क्षेत्र सुमारे 2,768 चौरस किलोमीटर आहे. गाभ्यातील साग त्यामुळे वाचला हे निर्विवाद. परंतु गाभ्यातील गावे हलवावी लागली. अकोट तालुक्यात पुनर्वसित झालेल्या काही गावांतील लोक कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत असे म्हणत पुन्हा जंगलात परतले, आणि जानेवारी 2019 मध्ये केलपाणीच्या परिसरात ग्रामस्थ आणि सरकारी पथके यांच्यात संघर्ष होऊन दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. घराची, शेताची किंमत रोख देता येते. पण पूर्वजांचा खांब ज्या मातीत रोवलेला आहे तिचा मोबदला कोणत्या रकान्यात लिहावयाचा, हे कोणत्याही शासकीय निर्णयाने ठरविता आलेले नाही.

मग उपाय कोणता? गेलेला धाक परत आणता येणार नाही आणि आणूही नये. भुताच्या भीतीवर विसाव्या-एकविसाव्या शतकाचे जंगल उभे राहत नसते. हवा आहे तो धाकाने केलेले काम करणारा हक्क. गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली सामाईक मालमत्ता उजाडच होते असे प्रतिपादन केले होते. उलट एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांनी दाखविले, की ज्यांचे जीवन त्या मालमत्तेवर अवलंबून आहे त्यांना नियम करण्याचा अधिकार मिळाला तर ती टिकते. त्यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याचे उदाहरण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावाला 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये 2012 मध्ये सुमारे 193 हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकड्यांवर गावाने झाडे लावली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतःच पाळली, आणि सीताफळे मुंबईच्या बाजारात पोहोचविली. 2014 मध्ये गावाला जैवविविधतेसाठी राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार मिळाला. तेथे झाडावर कोणी मुंज्या बसविला नव्हता; झाड आपले आहे आणि उद्याही आपलेच राहील, एवढी खात्री पुरेशी होती.

या अनुभवातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. मेळघाटातील ज्या गावांचे सामूहिक दावे रखडले आहेत, ते विनाविलंब निकालात काढावयास हवेत. पुनर्वसित गावांना दिलेले प्रत्येक वचन लेखी तपासणीने पुरे करावयास हवे. वचनभंगावर उभे केलेले अभयारण्य वाघालाही सुरक्षित नसते. आणि ज्या नगरपालिका व पाणीपुरवठा योजना वान-शहानूरचे पाणी घेतात, त्यांच्या पाणीपट्टीतील एक लहानसा, ठराविक वाटा उगमाकडील ग्रामसभांना रान राखण्यासाठी मिळावयास हवा. रक्कम मोठी असण्याची गरज नाही. ती दरवर्षी आणि हक्काने मिळण्याची गरज आहे. उभ्या झाडाला उत्पन्न मिळाले, तरच आडव्या झाडाच्या भावाशी ते टिकाव धरील.

कोरकू माणूस सागाचा एक खांब तोडून पूर्वजांसाठी रोवतो. तेवढ्या तोडीने अरण्य कधी संपले नाही. ज्यांनी खांबामागून खांब तोडून मैदानात नेले, त्यांनी मात्र त्या बदल्यात डोंगरात काहीच रोवले नाही. ते देणे वऱ्हाडच्या मैदानावर अजून शिल्लक आहे, आणि वानेचे पाणी घरोघर येत आहे तोवर ते फेडण्यास उशीर झालेला नाही.