चितळाचे वर्ष केव्हा सुरू होते?

जबलपूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. नाताळच्या सुटीत त्या मुलांना घेऊन कान्ह्याच्या अरण्यात गेल्या होत्या. तेथे बारशिंग्यांचा एक कळप दृष्टीस पडला. त्यातील झाडून सारे मोठे नर भरघोस, टणक शिंगे मिरवीत होते. थोड्याच अंतरावर चितळ चरत होते. पण त्यांच्या नरांत कसलाच मेळ नव्हता. एकाची शिंगे घासूनपुसून लखलखीत, दुसऱ्याच्या शिंगांवर मऊ मखमल, तर तिसऱ्याच्या डोक्यावर नुसते दोन खुंट! त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, ‘आई, हा आजारी आहे का?’ आईला उत्तर देता आले नाही आणि प्रश्न आमच्याकडे आला.

तो चितळ आजारी नव्हता. मात्र प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही.

प्रथम शिंगांविषयी. काळवीट आणि चितळ या दोघांनाही आपण सरसकट हरिण म्हणतो. इंग्रजी मजकूर मराठीत आणताना आम्हा भाषांतरकारांची येथे हटकून अडचण होते, कारण तिकडे या दोन कुळांना दोन निरनिराळे शब्द आहेत. भेद शिंगांतच आहे. काळविटाचे शिंग गाईबैलांच्या शिंगासारखे जन्मभराचे. चितळ, सांबर, बारशिंगा यांची शिंगे म्हणजे भरीव हाड. ते गळून पडते आणि पुन्हा नव्याने उगवते. उगवत असताना त्यावर लव असलेली कातडी असते आणि तिच्यातून रक्त खेळत असते. त्या काळात शिंग नाजूक असते व नर त्याला जपतो; झुंजीच्या वाटेला सहसा जात नाही.

या शिंगांची दोरी नराच्या वृषणांच्या हाती असते. वृषणांतून पाझरणारा टेस्टोस्टेरॉन हा स्राव वाढू लागला की शिंग टणक होते, वरची मखमल सुकते आणि नर ती झाडाझुडपांवर घासून काढतो. मान भरते, अंगात माज येतो, ओरडणे व झुंजी सुरू होतात. काही महिन्यांनी स्राव ओसरतो. शिंगाच्या बुडाशी हाड झिजते आणि एके दिवशी शिंग गळून पडते. तेव्हा नराच्या डोक्याकडे पाहून त्याच्या शरीरातील ऋतू ओळखता येतो. टणक शिंगांचा नर प्रजननास सिद्ध असतो. मखमलीतल्या नराचे वृषण आकसलेले असतात आणि त्याचे बीजही उतरलेले असते.

आता हा स्राव केव्हा वाढावा, हे कोण ठरवते? थंड प्रदेशात ते काम सूर्य करतो. स्कॉटलंडमध्ये उन्हाळ्यातला मोठा दिवस साडेसतरा तासांहून अधिक, तर हिवाळ्यातला लहान दिवस सात तासांहूनही कमी. रात्रीच्या अंधारात मेंदूतील एका इवल्याशा ग्रंथीतून मेलाटोनिन पाझरते; रात्र लांबली की ते अधिक वेळ पाझरते आणि शरीराला ऋतूची वर्दी मिळते. म्हणून तिकडच्या तांबड्या हरणांचे सारे नर एकदमच शिंगे टाकतात आणि शरद ऋतूत एकदमच माजावर येतात. तेथे उशीर परवडत नाही. अवेळी जन्मलेले पाडस बर्फात टिकत नाही.

कान्ह्यात मोठ्या आणि लहान दिवसांत तीन तासांचेही अंतर नाही. मग चितळाने कोणते पंचांग पाहावे? तो आपलेच पाहतो. प्रत्येक नराच्या शरीरात सुमारे वर्षभराचे एक घड्याळ चालू असते. शिंग गळणे, उगवणे, टणक होणे, पुन्हा गळणे हा क्रम त्यात ठरलेला असतो. परंतु एकाचे घड्याळ दुसऱ्याच्या घड्याळाशी जुळलेले असेलच असे नाही. नर एकटा पाहिला तर ऋतूला बांधलेला, कळप पाहिला तर बारमाही! इंग्लंडमधील प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या चितळांचा अभ्यास झाला, तेव्हा तेथील लहानमोठ्या दिवसांनीही ही घड्याळे एका ठोक्यावर आणली नाहीत, असे आढळले.

याचा लाभ उघड आहे. कोणत्याही महिन्यात मादी माजावर आली तरी कळपात एखादा तरी नर सिद्ध असतोच. तरीही चितळांना हंगामच नाही असे मात्र समजू नये. जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्ह्यात राहून निरीक्षणे केली. १९६७ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्यांना टणक शिंगांचे नर उन्हाळ्यात सर्वांत अधिक दिसले आणि मखमलीतले थंडीत अधिक. चितळाचा गर्भकाळ पावणेआठ महिन्यांच्या आसपास. वैशाखात राहिलेला गर्भ पौष-माघात जन्मतो आणि पाडस दूध सोडण्याच्या वयाचे होते तोवर पावसाचे कोवळे गवत उगवलेले असते. भगिनींनी नाताळात पाहिलेला मखमलीचा मेळा तर अगदी वेळेवरचाच होता.

भेकर याहून वेगळे. त्याच्या चिनी जातभाईचा अभ्यास झाला आहे. त्यात मखमलीतला नरही प्रजननास समर्थ असतो. शिंगे आणि बीज यांची गाठ तेथे सैल झालेली दिसते.

बारशिंग्याची गोष्ट मात्र गंभीर आहे. राहतो तो चितळाच्याच कुरणावर, पण त्याचा हंगाम आखूड व नेमका. डिसेंबर-जानेवारीत नर माजावर येतात. मुलांना सगळ्यांचीच शिंगे टणक दिसली ती याचमुळे. आठ महिन्यांनी, पावसाळा सरता सरता, मादी उंच गवतात पाडसाला जन्म देते व तेथेच दडवून ठेवते. त्या सुमारास उंच गवत नसेल तर तिला दुसरा महिना निवडता येत नाही. कुरणे जळत व चराईखाली जात राहिली, शिकारही झाली, आणि कठीण भूमीवर राहणाऱ्या या जातीचे १९७० साली कान्ह्यात अवघे ६६ प्राणी उरले. जगात ती अन्यत्र कोठेच नव्हती. त्याच कुरणावर चितळ मात्र हजारांनी होते. पुढे काही गावे अरण्याबाहेर वसवली गेली, तेथे गवत पुन्हा वाढू दिले, कुंपण घालून सुरक्षित जागा केल्या, तेव्हा कोठे बारशिंगे शेकड्यांनी वाढले. २०१५ पासून काही प्राणी सातपुड्याच्या अरण्यातही नेण्यात आले.

नराचे हे वेळापत्रक जाणणे प्रयोगशाळेलाही आवश्यक असते. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी चितळ नराच्या बीजातील ऋतुमानाचे फरक तपासले आणि २००६ साली कृत्रिम रेतनाने चितळाचे पाडस जन्मास आणले. बीज कोणत्या दिवसांत घ्यावे हे ठाऊक नसते, तर असा प्रयत्न अंधारातच चालला असता.

पत्राच्या शेवटी आणखी एक तक्रार आहे. मुलाला वाटेत एक गळलेले शिंग दिसले होते; वाटाड्याने त्याला ते घेऊ दिले नाही. भगिनी म्हणतात, टाकून दिलेली वस्तू, त्यात कोणाचे काय गेले असते? वाटाड्याचे बरोबर होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अरण्यातून असे शिंग उचलून नेण्यास मनाई आहे. गळलेल्याच्या नावावर मारलेल्याची शिंगे सहज खपतात. शिवाय ती वस्तू पूर्णपणे टाकलेली नसतेच. रात्री साळिंदर येऊन ते शिंग कुरतडते. चितळेही ती चघळताना आढळली आहेत. शिंग वाढवताना नराने अंगचा बराच चुना खर्ची घातलेला असतो, आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा तेवढाच लागणार असतो.