नाण्याचा कौल

शाळा सोडून गेलेले विद्यार्थी आजही आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात. कोणी स्पर्धा परीक्षेच्या पाचव्या प्रयत्नापाशी अडकलेला असतो. खर्ची पडलेली वर्षे वाया जातील, या भीतीने त्याला थांबवत नाही.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी अशाच द्विधा मनःस्थितीतील लोकांना संगणकावर नाणेफेक करावयास लावली. २०,००० हून अधिक नाणेफेकी झाल्या. मोठ्या निर्णयांत ज्यांनी बदल स्वीकारला, ते सहा महिन्यांनी अधिक समाधानी आढळले. डॅनिएल काहनेमन व एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ सालीच दाखविले होते की, लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख माणसाला अधिक बोचते. म्हणूनच तो आहे तेथेच रुतून बसतो.

तथापि, देवाला कौल लावणे सोडलेल्या समाजाने नाण्याला देव करू नये. शिवाय ज्या घरात एका पगारावर सहा जणांचे पोट आहे, तेथील भीती हा केवळ मनाचा खेळ नव्हे. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतली. मधली २१ वर्षे चिंतनाची होती.

तेव्हा आधी अभ्यास, हिशेब आणि घरच्यांशी चर्चा करावी. त्यानंतरही दोन्ही पारडी समान राहिली, तर नाणे खुशाल उडवावे. छापा पडताच मन खट्टू झाले, तर उत्तर मिळालेच. निर्णयाची जबाबदारी मात्र नाण्याची नव्हे, आपली.